नौदल दिन 4 डिसेंबरलाच का असतो?

त्याचं उत्तर सोपंय. 1971 ला 4 डिसेंबरच्या रात्री आपल्या निपात, निर्घात आणि वीर या तीन मिसाईल बोटी थेट कराचीजवळ गेल्या, पाकिस्तानच्या खैबर आणि मुहाफिज या युद्धनौका बुडवून परत आल्या, आपली एकही बोट गेली नाही. म्हणून ही तारीख.

पण मला बोलायचंय ते 9 डिसेंबरबद्दल, कारण ते आपल्याकडे कोणी काढतच नाही. मलाही दीवला फिरायला गेलो तेव्हाच कळलं. तिथे समुद्राकडे तोंड करून एका टेकाडावर आपल्या खुकरी या युद्धनौकेचं स्मारक आहे, काचेत जहाजाचं मॉडेल. कराचीनंतर पाकिस्तानची हँगोर नावाची पाणबुडी आपल्या किनाऱ्याजवळ फिरत होती आणि तिला शोधायला खुकरी आणि किरपाण पाठवल्या. आता गंमत बघा (गंमत कसली म्हणा), पाणबुडीला शोधायचं ते सोनारने, म्हणजे दागिनेवाला नाही, पाण्यात आवाज सोडून ऐकणारं यंत्र, आणि आपल्यापेक्षा हँगोरला जास्त लांबचं ऐकू येत होतं, म्हणजे शिकाऱ्यालाच आधी हेरलं. पहिला टॉर्पेडो (पाण्याखालून जाऊन जहाजावर आदळणारं स्फोटक) किरपाणवर सोडला तो फुकट गेला, दुसरा खुकरीला लागला आणि काही मिनिटांत जहाज खाली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. खुकरीचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलंच नाही, त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. दुसऱ्या महायुद्धानंतर पाणबुडीने युद्धनौका बुडवायची ही पहिलीच वेळ.

आणि तिकडे पाकिस्तानी नौदल दरवर्षी 9 डिसेंबरला हँगोर दिवस करतं, ती पाणबुडी कराचीच्या म्युझियममध्ये ठेवलीय. एकच रात्र, तिकडे तिचा सण.

माझे बाबा तेव्हा नौपाड्यात पाचवीत होते. खिडक्यांना काळे कागद, सायरन झाला की दिवे बंद, गाड्यांच्या हेडलाईटला अर्धा काळा रंग, हे सगळं ते अजून तासभर सांगू शकतात. दीवहून फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला, म्हणाले कराचीची बातमी आली तेव्हा चाळीत पेढे वाटलेले चांगले आठवतात रे, पण खुकरीचं आम्हाला कधी कळलं तेच आठवत नाहीये.