आधी खिडक्या, मग बादली

पुण्यातलं कोरोनामुळे लागलेलं दहा दिवसांचं कडक लॉकडाऊन २०२० च्या २३ जुलैला संपलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातपासून माझा फोन वाजायला लागला. कोथरूडमध्ये सात बायकांना हाताशी घेऊन मी घरसफाईचं काम करते, तेव्हा अकरा वर्षं झाली होती. शहरातल्या पीएमपीच्या बस तेव्हा बंद, त्यामुळे चौघीच येऊ शकत होत्या, त्याही सुतारदऱ्यावरून चालत. त्या महिन्यात माझ्याकडे आलेल्या पत्रांचा सूर एकच होता: बाईला घरात घ्यावं का? त्यातली चार पत्रं, तेव्हाच्या उत्तरांसह, इथे घेतली आहेत.

प्रश्न : आम्ही दोघंच असतो. मी ७१ वर्षांची, हे ७६, ह्यांना दमा. मार्चपासून केर-फरशी मीच करते, आता गुडघे बोलायला लागलेत. सोसायटीनं परवानगी दिली आहे. सफाईच्या बायका बोलावल्या तर धोका किती? त्या येऊन गेल्यावर सगळं घर हायपोनं (जंतुनाशक हायपोक्लोराइटनं) पुसून घ्यावं का?
— एक काकू, मयूर कॉलनी

उत्तर : काकू, गुडघ्यांचं ऐका. रोज नको, पण आठवड्यातून एकदा जरूर बोलवा.

धोका फरशीत कमी आणि गप्पांत जास्त आहे. जुलैच्या सुरुवातीला २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहिलं, की हा विषाणू बंद खोलीतल्या हवेतूनही पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेनंही मग ती शक्यता मान्य केली. आपण मात्र मार्चपासून दुधाच्या पिशव्या साबणानं धूत बसलोय आणि खिडक्या लावून घेतल्यात! म्हणून माझ्या बायका घरात शिरल्या की चपला काढतात, साबणानं हात धुतात आणि आधी सगळ्या खिडक्या उघडतात. बादलीत पाणी त्यानंतर.

पूर्वी आम्ही चौघी जायचो, दोन तासांत घर चकाचक. आता दोघीच जातात, एक एका खोलीत, आणि साडेतीन तास लागतात. आदल्या संध्याकाळी मी प्रत्येकीला फोन करते: ताप, खोकला, घरात कुणी आजारी, शेजारी कुणाला कोरोना म्हणून नेलंय का? हेच प्रश्न मी गिऱ्हाइकालाही विचारते आणि तिथे काहींच्या नाकाला मिरच्या झोंबतात. एक बाई म्हणाल्या, "आम्ही कुठे जातो हो? आम्ही घरातच." तासाभरानं त्यांचाच फोन आला, की मुलगा परवा मुंबईहून आलाय, ते चालेल ना? नाही चाललं. चौदा दिवसांनी गेलो.

तुमच्याकडे असं करता येईल. बायका स्वयंपाकघर आणि हॉल करत असतील तेव्हा तुम्ही दोघं आतल्या खोलीत दार लावून बसा, खिडकी उघडी ठेवून. तिकडचं झालं की पंधरा मिनिटं घर वाऱ्यावर राहू द्या, मग तुम्ही गॅलरीत आणि त्या आत. केर काढताना पंखा बंद. मास्क तुम्हीही लावायचा, स्वतःच्या घरात असलात तरी. आमच्या बायका तीन-तीन कापडी मास्क घेऊन निघतात, कारण भांडी घासून झाली की पहिला घामानं ओलागच्च होतो आणि ओल्या मास्कमधून धड श्वासही घेता येत नाही. चहा द्यावासा वाटला तर जिन्यात ठेवा. एकेकीनं, खिडकीशी उभं राहून प्यायचा. समोर बसून, मास्क हनुवटीवर ओढून सुखदुःखाच्या गोष्टी करत घेतलेला चहा मात्र यंदा नाही, आणि त्याचं मला सगळ्यात वाईट वाटतं.

आता हायपो. फरशी, ओटा, टेबल यांना साधी धुण्याची पावडर पुरे. या विषाणूचं वरचं स्निग्ध आवरण साबणानं फुटतं. दाराच्या कड्या, लाइटची बटणं, नळ, फ्रिजचं हँडल एवढ्यालाच वेगळं पुसणं हवं. बटणांना ओलं फडकं नको, सॅनिटायझर फडक्यावर घेऊन पुसा. बाकीच्यांसाठी ५ टक्क्यांचं हायपोक्लोराइट मिळतं, ते पाच लिटर पाण्याला १०० मिली. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मग साध्या पाण्यानं पुसायचं, नाहीतर स्टीलवर डाग पडतात. रोज ताजं करा, कालचं उरलेलं काही कामाचं नाही. यजमानांना दमा आहे, तेव्हा हे ते खोलीत नसतानाच.

हात जोडून सांगते, संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हायपो कधी मिसळू नका. जूनमध्ये पहिल्याच कामावर आमच्याकडे हे झालं. घरच्या बाईंनी सकाळीच संडासच्या भांड्यात निळं ॲसिड ओतून ठेवलं होतं आणि आम्हाला सांगायचं राहिलं. आमच्या मावशींनी, 'कोरोना आहे, जास्त मारा', म्हणून वरून हायपो घातलं. मी बाहेर बेसिनशी होते. आधी पोहण्याच्या तलावासारखा उग्र वास आला, मग मावशींचा खोकला, थांबेचना. हाताला धरून त्यांना गॅलरीत आणलं, डोळ्यांतून धारा लागलेल्या. तो क्लोरीन वायू. अर्ध्या तासानं त्या पहिलं काय बोलल्या असतील तर, "ताई, आता मला कोरोनावाली म्हणून हाकलतील का हो?" तेव्हापासून आमच्याकडे ॲसिडचा दिवस वेगळा आणि हायपोचा वेगळा.

प्रश्न : एका कंपनीनं टू बीएचके फ्लॅटला धूर फवारून देऊ म्हणून साडेतीन हजार सांगितलेत. तीस दिवस कोरोना येणार नाही असं सर्टिफिकेटही देतात. आमच्या कमिटीला हे पटलंय. येणाऱ्या कामवाल्यांवरही गेटवर फवारणी करायचं चाललंय. योग्य का?
— एक सभासद, औंध

उत्तर : फवारून गेल्यावर पाच मिनिटांनी तुमच्याकडे कुणी शिंकलं, की सर्टिफिकेट संपलं. साडेतीन हजारांत जाळीच्या खिडक्या दुरुस्त करून घ्या, म्हणजे डासांच्या भीतीनं त्या बंद ठेवाव्या लागणार नाहीत.

आणि माणसांवर फवारणी? केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं एप्रिलमध्येच लेखी सांगितलंय, की माणसांवर जंतुनाशक फवारू नका, त्यानं डोळे-कातडी चुरचुरते आणि उपयोग शून्य. मार्चअखेर बरेलीत परतणाऱ्या मजुरांना रस्त्यावर बसवून फवारलं, तो व्हिडिओ तुमच्या कमिटीनंही पाहिला असेलच. माझ्या एका बाईला जूनमध्ये एका सोसायटीच्या गेटवर असंच नखशिखान्त भिजवलं. ती ओल्या साडीनं चार मजले चढली, कारण लिफ्टही कामवाल्यांना बंद होती. त्या सोसायटीचं काम मी सोडलं. महिन्याचे नऊ हजार होते, सोडताना हात थरथरला हेही सांगते. गेटवर नळ आणि साबण ठेवा. आणि तो सेक्रेटरींनीही वापरायचा.

प्रश्न : (लेकीच्या हातून लिहून आलेलं) मी चार घरी धुणं-भांडी करते. एका घरातले दादा पॉझिटिव्ह आहेत, वरच्या खोलीत ठेवलंय. वहिनी म्हणतात, तू वर जाऊ नको, खाली आणलेली भांडी आणि चादरी तेवढ्या धू. नाही म्हटलं तर काम जाईल. काय करू?

उत्तर : ताई, उद्यापासून जाऊ नका. घरात पेशंट असेल तर त्याचं सगळं घरच्याच एका माणसानं करायचं असतं. जुलै २०२० च्या सरकारी नियमानं लक्षणं सुरू झाल्यापासून दहा दिवस, ताप जाऊन तीन दिवस झालेले, आणि वर आणखी सात दिवस, म्हणजे सतरा दिवस तरी त्या घरी कुणी बाहेरचं नको. दादा वर असले तरी वहिनी खाली आहेत, आणि त्यांच्याशी तुम्ही रोज बोलता.

सांगायला जड जात असेल तर असं म्हणा: "वहिनी, माझ्या दुसऱ्या घरी म्हाताऱ्या आजी आहेत. त्यांना माझ्यामुळे काही झालं तर मी तोंड कसं दाखवू? सतरा दिवसांनी येते, तोवर पगार चालू ठेवा." शेवटचं वाक्य गिळू नका, मान खाली न घालता म्हणा. मी स्वतः लॉकडाऊनच्या दहा दिवसांचा निम्मा पगार पदरचा दिला आणि निम्मा गिऱ्हाइकांकडे मागितला. अकरांपैकी आठ घरांनी दिला. एकांनी तर पूर्ण दिला आणि वर गहूही.

तुम्ही आधीच आठवडाभर गेला असाल तर बाकीच्या तीन घरांनाही खरं सांगा आणि महापालिकेच्या केंद्रावर जाऊन स्वॅब द्या. लपवलं आणि नंतर कळलं तर चारही कामं जातील. लेकीला आणखी एक काम सांगा: २००८ च्या कायद्यानं राज्यात घरेलू कामगारांचं कल्याण मंडळ आहे, १८ ते ६० वयाच्या बाईला नाव नोंदवता येतं. कारभार ढिला आहे, मला ठाऊक आहे. तरी कामगार कार्यालयात नोंद करून कागद जपून ठेवा. उद्या कधी मदत जाहीर झाली, तर नोंद असलेलीलाच मिळेल.

प्रश्न : देव्हाऱ्यातले पितळी देव सॅनिटायझरनं पुसले तर चालतील का? सासूबाई नको म्हणतात.
— एक सून, सातारा रोड

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं आणि शेजारी समई तेवत असते. भडका उडायला वेळ लागत नाही. चिंच किंवा पीतांबरी लावा, धुवा, कोरडे करा. देवांना बाहेरचं कुणी भेटायला येत नाही सध्या.