जिममध्ये फिटनेस कोच म्हणून काम करणं कसं असतं?

तुम्ही विचारलंय की व्यायामाची आवड आहे, ट्रेनर व्हायचं मनात आहे, तर रोजचं काम नक्की कसं असतं.

मी नऊ वर्षं कोथरूडमध्ये हेच करतोय. पावणेपाचला गजर, साडेपाचला शटर वर. दहा-साडेदहाला सकाळची गर्दी संपते, मग दुपारभर रिकामा, आणि पुन्हा पाच ते दहा. म्हणजे जग मोकळं असतं तेव्हा आपली ड्युटी. गणपतीतली संध्याकाळची आरती मला सहसा मिळत नाही. आई म्हणते, "तुझ्यापेक्षा दूधवाला बरा, तो संध्याकाळी तरी घरी असतो."

स्वतःचा व्यायाम दुपारी, अर्धवट झोपेत. आवड म्हणून या धंद्यात आलेल्यांना हे आधी कुणी सांगत नाही.

पगाराचं म्हणाल तर फ्लोअर ट्रेनरचा, म्हणजे जिममध्ये फिरून सगळ्यांकडे लक्ष देणाऱ्याचा, पगार तुटपुंजा. खरी कमाई पीटीची, म्हणजे एकेकाला स्वतंत्र शिकवायच्या पर्सनल ट्रेनिंगच्या फीमधला आपला हिस्सा. त्यामुळे महिनाअखेरीला मालक स्क्वॉट, म्हणजे बैठका, नीट करून घेतोस का ते विचारत नाही, टार्गेट विचारतो. जानेवारीत ट्रेडमिलला रांग लागते, होळीपर्यंत निम्मे गायब.

पण खरं अवघड काम वेगळंच आहे: माणसाला थांबवणं. हे मी चूक करून शिकलो. पहिल्या-दुसऱ्या वर्षातली गोष्ट. एक आयटीतला मुलगा आला, दोन महिन्यांवर लग्न. "सर, आजच घाम काढा." मलाही चेव आला. पहिल्याच दिवशी स्क्वॉटचे दहा सेट, वर लंजेस, म्हणजे एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवायचे. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन, "सर, पाय वाकत नाहीत आणि लघवी काळ्या चहासारखी होतेय." डॉक्टरांनी सीपीके, म्हणजे स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तपासून लगेच ॲडमिट केलं. अति ताणाने स्नायूंच्या पेशी फुटल्या होत्या, आणि त्यातून रक्तात उतरणारं मायोग्लोबिन नावाचं स्नायूंतलं प्रथिन किडनीला त्रास देतं. तीन दिवस सलाईनवर निभावलं. त्याच्या वडिलांसमोर उभं राहताना मला घाम फुटला होता, तो जिममध्ये कधी फुटला नाही.

तेव्हापासून नवा माणूस पहिला आठवडा "एवढंच?" म्हणत घरी गेला पाहिजे, हा माझा नियम. काही जण याच कारणाने दुसरा ट्रेनर मागतात. मागू देत.

बाकी प्रश्न ठरलेले. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटाचीच चरबी जात नाही, हे मी आठवड्यातून चारदा सांगत असेन. प्रोटीन पावडरचं विचारतात, तेव्हा मी आधी रोजचं जेवण विचारतो. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी, रात्री खिचडी. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८च्या आसपास. अंडं चालत नसेल तर डाळ दाट करा, उसळ वाढवा. पावडर विकली तर ट्रेनरला बऱ्याचदा कमिशन मिळतं, हेही माहीत असू द्या.

ट्रेनरचा कोर्स कराच, पण त्यासोबत सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून द्यायचा प्रथमोपचार, नीट शिका. आणि आपल्या डाएट चार्टच्या जोरावर कुणाच्या मधुमेहाच्या औषधात ढवळाढवळ करू नका. ते डॉक्टरांचं काम.

सध्या माझ्याकडे एकसष्ट वर्षांच्या एक काकू येतात. गुडघे दुखतात, एसटीची पायरी चढवत नाही. त्यांचा व्यायाम म्हणजे खुर्चीवर दोन उशा ठेवून, हात न टेकता आठ वेळा उठायचं-बसायचं. बघणाऱ्याला वाटेल, याचे पैसे घेतो हा? तीन आठवडे तेवढंच चाललं होतं. परवा त्या डिंकाचे लाडू घेऊन आल्या. "यात प्रोटीन असतं ना रे?" मी म्हटलं, "काकू, तूप जास्त आहे," आणि दोन खाल्ले. मग एक उशी काढून बाजूला ठेवली.