करार, संविदा आणि इसार

वरुडकडच्या कायद्याच्या एका विद्यार्थिनीनं विचारलंय: पुस्तकात 'संविदा', सर म्हणतात 'करार', घरी बाबा म्हणतात 'इसार झाला'. हे तिन्ही एकच का? आणि 'अपकृत्य' यात कुठं बसतं?

एकच नाहीत. १८७२ च्या भारतीय संविदा कायद्याचं कलम २ सांगतं की कायद्यानं अमलात आणता येतो तो करार म्हणजे संविदा. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम. संत्र्याचा आंबिया बहार झाडावरच विकला, व्यापाऱ्यानं इसार दिला, भाव पडल्यावर तोडायला फिरकलाच नाही, की पारावर कुणीतरी म्हणतोच, "कागदच नाही त करार कायचा?" इथं माझं डोकं फिरतं. कलम १० राजीखुशी, पात्र पक्ष, कायदेशीर मोबदला आणि कायदेशीर हेतू मागतं. दुसऱ्या एखाद्या कायद्यानं लेखी मागितलं नसेल तर तोंडी करारही करारच. सिद्ध करताना दमछाक होते ती वेगळी. (जमिनीच्या इसारचिठ्ठीनं मात्र मालकी येत नाही. तिथं खरेदीखतच लागतं.)

आता खरी मजा. 'करार' अरबी. मूळ धातूचा अर्थ स्थिरावणं, टिकणं. 'मुक्रर', 'इकरार', 'बरकरार' ही सगळी त्याचीच भावंडं. ठरल्या शब्दावरून हलत नाही तो माणूस 'करारी', आणि ज्याचं चित्त ठरत नाही तो 'बेकरार'! करार संस्कृत 'कृ'पासून आला म्हणणाऱ्या पंडितांनी आधी 'बेकरार'ची व्युत्पत्ती लावून दाखवावी, मग बोलू.

तेच लोक 'संविदा' शुद्ध म्हणून मिरवतात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात अठरा व्यवहारपदांत, म्हणजे खटल्याच्या विषयांत, 'संविदश्च व्यतिक्रमः' (संविद् मोडणं) आहे खरं. पण तिथं विक्रीचे वाद आणि मजुरी न देणं ही पदं वेगळी मोजलीत. पुढं २१९ वा श्लोक वाचा: गाव, देश किंवा संघ यांच्याशी शपथेवर केलेली संविद् लोभानं मोडणाऱ्याला राज्याबाहेर हाकला. म्हणजे ती साऱ्या गावाची बांधिलकी. माझं मत विचाराल तर हा शब्द ग्रामसभेच्या ठरावाला शोभला असता. कायद्याचे मराठी शब्द ठरवणाऱ्या कोशकारांनी तो संत्र्याच्या सौद्याला चिकटवला. परीक्षेत मात्र तोच लिहा, गुण त्यांच्याच हातात आहेत.

हो, अपकृत्य राहिलं, इंग्रजीतलं 'टॉर्ट'. शेजाऱ्यानं धुऱ्यापलीकडं टू-फोर-डी हे तणनाशक फवारलं आणि वाऱ्यानं तुमच्या कपाशीची पानं भेंडीच्या पानांसारखी झाली. त्याच्याशी तुमचा कसलाच करार नव्हता, तरी त्याचा निष्काळजीपणा दाखवता आला तर भरपाई मागता येते, कारण हे कर्तव्य कायद्यानं घातलेलं असतं, दोघांनी ठरवलेलं नसतं. 'टॉर्ट'च्या मुळाशी असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ पिळलेलं, वाकडं. 'वाकड्यात शिरणं' आपल्याकडं तयारच होतं, पण कोशकारांना ते गावठी वाटलं असणार.