पाठीला हात लावू नका

हत्यारपेटी : वाचकांचे प्रश्न

दोन महिन्यांपूर्वी या सदरात साशिमीच्या, म्हणजे कच्च्या मासळीचे काप करायच्या जपानी सुरीचा नुसता उल्लेख केला, तर पत्रांचा ढीग पडला. विळीवर अख्खा लेख लिहिला होता तेव्हा तीन पत्रं आली होती, त्यातलं एक माझ्या आत्तेबहिणीचं. असो. आजची सगळी जागा या सुरीला.

एक आधीच सांगतो. सुऱ्या घडवणं हा माझा धंदा नव्हे. ओसाकाच्या दक्षिणेला लागून असलेल्या साकाईत मी नऊ वर्षं एका यंत्रांच्या कारखान्यात नोकरीला होतो. शेजारी एक आजोबा राहायचे, त्यांचं आयुष्य सुऱ्यांना धार लावण्यात गेलेलं. (‘धारकरी’ म्हटलं की आपल्याकडे वेगळंच चित्र उभं राहतं. तिकडे त्यांना ‘तोगिशी’ म्हणतात.) मला जे काही येतं ते त्यांच्या ओसरीवर बसून आलेलं.

ठाण्याहून एक वाचक लिहितात : मुलाने ओसाकाहून यानागिबा, म्हणजे हीच साशिमीची सुरी, आणली. वर्षभरात धार उतरली, म्हणून सायकलवर येणाऱ्या धारवाल्याकडून दोन्ही बाजूंनी छान लावून घेतली. आता टोमॅटोसुद्धा चेपतो. शिवाय ती पहिल्यापासूनच तिरकी जाते, बटाटा सरळ कापत नाही. मुलगा फसला का?

मुलगा फसलेला नाही. आणि धारवाल्यालाही बोल लावू नका, त्याच्या हातात आयुष्यात अशी सुरी आली नसेल.

आधी तिरकेपणाचं बघू. यानागिबा म्हणजे विलोच्या पानासारखं लांब, निमुळतं पातं. तिला धार एकाच अंगाने असते. सुरी उजव्या हातात धरा, टोक समोर, धार खाली. उजवीकडे पातं रुंद उतरतं घेत धारेपर्यंत येतं. डावी बाजू म्हणजे तिची पाठ. अशी सुरी बटाट्यात घातली की उतार तिला ढकलतो आणि ती डावीकडे सरकते. हा दोष नव्हे. ती हाड-काटे-कातडं काढलेल्या मऊ मासळीसाठी आहे, जिथे काप उजव्या बाजूला अलगद सुटून पडायला हवा. तुम्ही रंध्याने भाकरी थापायला निघालात.

आता पाठ. डोळ्यांसमोर आडवी धरून उजेडात बघा, म्हणजे ती सपाट नसून उथळ वाटीसारखी आत गेलेली दिसेल. कडेने फक्त बारीक पट्टी सपाट असते. पाठ दगडावर टेकवली की तेवढी पट्टीच घासते, त्यामुळे ती चटकन आणि अचूक सपाट होते. मासळीलाही कमी जागा चिकटते. आजोबा नवी सुरी हातात आली की पुढची बाजू बघायचेच नाहीत. पाठ वळवून दिव्याखाली धरायचे आणि पट्टीची रुंदी सगळीकडे सारखी आहे का ते बघायचे.

तुमच्या धारवाल्याने नेमकी ही पाठ चाकावर धरली. बहुतेक यानागिबांत अख्खं पातं कडक पोलादाचं नसतं. मऊ लोखंडावर कडक पोलादाची पातळ चकती भट्टीत ठोकून जोडलेली असते, आणि ती पाठीच्याच अंगाला असते. म्हणजे पाठीवरून चाक फिरलं की जे थोडकं मोलाचं पोलाद आहे तेच उडतं. दुसरं, कोरड्या चाकावर धार तापते. धारेच्या कडेला निळसर झाक दिसली तर तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं समजा. ती कड घासून काढल्याशिवाय तिथे धार टिकणार नाही.

सुरी वाचेल का? पाठीला अजून खोलगट भाग शिल्लक असेल तर वाचेल. एक हजार नंबरचा आणि सहा हजारच्या आसपासचा, असे दोन पाण्याचे (पाणी टाकून धार लावायचे) दगड घ्या. नंबर जितका मोठा तितका दगड बारीक. दगड स्वतः सपाट हवेत. मध्ये खड्डा पडलेल्या दगडावर ही सुरी नेऊच नका. पाठ बारीक दगडावर पूर्ण आडवी टेकवून चार-सहा वेळा हलकेच ओढा आणि बघा. पट्टी कडेने सलग चमकली तर देव पावला. धारेलगत न चमकता आतच चमकली, तर धारवाल्याने पाठीलाही उतार पाडला आहे. मग पुढच्या बाजूने हजारच्या दगडावर तो उतार संपेपर्यंत पोलाद उतरवावं लागेल. पुढचा उतार दगडावर पूर्ण बसवायचा, हात उचलायचा नाही. डाव्या हाताची बोटं धारेच्या जवळ दाबून टोकाकडून मुठीकडे सरकत जायचं. पाठीकडे अंगठा आडवा फिरवला की खरखर लागेल. ती सगळ्या लांबीला लागली की थांबा, बारीक दगडावर या, आणि शेवटी पाठ आडवी टेकवून खरखर काढून टाका. पाठीचं काम एवढंच. ती घासायची नसते, टेकवायची असते.

माझी पहिली यानागिबा मी स्वतःच बिघडवली होती. साकाईतलं पहिलं वर्ष, कारखान्यातले दोघे घरी जेवायला, आणि मी ऐटीत २७० मिलिमीटरच्या नव्या सुरीने अख्खा मासा सोडवायला बसलो. पाठीच्या कण्यापाशी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला. धारेला बाजरीच्या दाण्याएवढी खांड पडली होती. दुसऱ्या दिवशी आजोबांकडे नेली. त्यांनी खांडीवरून नख फिरवलं आणि एकच शब्द विचारला, ‘‘देबा?’’ देबा म्हणजे मासा सोडवायची जाड, वजनदार सुरी. ती माझ्याकडे नव्हती. खांड जाईपर्यंत सबंध धार मागे न्यायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि या काळात त्यांनी सुरीला हात लावला नाही, फक्त दगडावर पाणी टाकत राहिले.

मालवणहून एक वाचक विचारतात : आमच्या आया आडाळ्यावर बसून सुरमईच्या एकसारख्या तुकड्या पाडतात. मग पावणेदोन वीत लांब सुरीचं एवढं कौतुक कशासाठी?

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा, कारण एकसारखी तुकडी पाडणं हे कौशल्य दोन्हीकडे तेवढंच अवघड. फरक असा की आडाळ्यावर पातं ठाम बसलेलं असतं आणि मासा हलतो. तिथे मासा ठाम असतो आणि पातं हलतं. तुमच्या आई हाडासकट कापतात आणि ती तुकडी पुढे कालवणात जाते. साशिमीला पुढे आगच नाही. कापल्यावर जो पृष्ठभाग उरतो तोच जिभेवर येतो. पुढे-मागे करवतीसारखं कापलं तर मांसाचे धागे चिरडतात, काप मलूल दिसतो आणि त्यातून पाणी सुटतं. म्हणून मुठीजवळची धार मासळीवर ठेवायची आणि टोकापर्यंत एका ओढीत मागे आणायची. सुरी लांब आहे ती या एका ओढीसाठी. उंच हात करून, वजन न टाकता. आजोबांच्या सुनेने कापलेल्या ‘ताई’ नावाच्या माशाच्या कापांच्या कडा काटकोनात उभ्या राहायच्या. मी कापलेले शेजारी ठेवले की भिजलेल्या वहीच्या पानांसारखे दिसायचे.

तोक्योकडची जुनी तऱ्हा टोक चौकोनी ठेवायची. तिला ताकोहिकी म्हणतात, ‘ताको’ म्हणजे ऑक्टोपस. टोकदार यानागिबा मूळची ओसाकाच्या बाजूची. फुगू माशासाठी आणखी पातळ पात्याची वेगळी सुरी असते, इतक्या पातळ कापांतून ताटावरची नक्षी दिसते.

पुण्याहून एक वाचक : सुरी आणली आहे, तर बाजारातल्या ताज्या बांगड्याची साशिमी घरी करता येईल का?

नाही. करू नका. ‘ताजा’ हा शब्द बाजारात आणि साशिमीच्या पाटावर एकाच अर्थाने चालत नाही. कच्च्या मासळीत आनिसाकिस नावाची बारीक अळी असू शकते. जपानच्या आरोग्य खात्याचा सल्ला आहे की उणे २० अंशांवर किमान २४ तास गोठवावी. घरचा फ्रीजर तेवढा थंड राहीलच असं नाही, दार तर दिवसातून वीस वेळा उघडतं. बांगड्याचा दुसराही धोका आहे. उन्हात पडून राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि ते गोठवूनही जात नाही, शिजवूनही जात नाही. जपानी लोकसुद्धा तिथला बांगड्याचा भाऊबंद, साबा, बहुतेक वेळा मीठ-व्हिनेगर लावून खातात. त्याने चव येते, अळी मात्र मरत नाही. तुमची सुरी वाया जाणार नाही. उकडलेल्या माकुलाच्या पातळ चकत्या करा, बिनहाडाच्या रावसाचे काप करून तव्यावर टाका.

नाशिकहून एक वाचक : पात्यावर चार अक्षरं कोरली आहेत. ती लोहाराची सही का? दुकानदार ‘पांढरं पोलाद’ म्हणाला, पण पातं काही पांढरं दिसत नाही.

बहुतेक ती लोहाराची नसते, दुकानाची किंवा घाऊक व्यापाऱ्याची असते. साकाईत एक माणूस पातं ठोकतो, दुसरा धार काढतो, तिसऱ्याकडे मूठ बसते. पोर्तुगीजांबरोबर तंबाखू जपानात आली, तिची पानं कापायच्या सुऱ्या या बंदरात होऊ लागल्या, आणि एदोच्या (आजच्या तोक्योच्या) राजवटीने त्यांवर मोहर देऊन मक्तेदारी बहाल केली. कामाची ही वाटणी अजून चालू आहे. १९८२ मध्ये सरकारने साकाईच्या हत्यारांना पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता दिली. नाव मात्र पात्यावर एकाचंच येतं, आणि धार काढणाऱ्याचं तर जवळजवळ कधीच नाही. आजोबा यावर फक्त हसायचे. मला अजून राग येतो.

‘शिरोगामी’ म्हणजे पांढरा कागद, ‘आओगामी’ म्हणजे निळा. शिमाने प्रांतातल्या यासुगीच्या कारखान्याने पोलादाच्या प्रकारांना त्यांवर चिकटवलेल्या कागदाच्या रंगावरून ही नावं दिली. निळ्यात टंगस्टन आणि क्रोमियम घातलेलं असतं, त्यामुळे धार जरा जास्त टिकते. पांढरं साधं, स्वच्छ, दगडावर पटकन लागतं. घरी धार लावणाऱ्याने पांढरंच घ्यावं, असं माझं मत. दोन्ही गंजतात. लिंबू-कोकम लागलं की लगेच पुसा, आणि पावसाळ्यात मॅग्नोलियाच्या लाकडी म्यानात घालण्यापूर्वी पातं पूर्ण कोरडं करा. म्यान ओलं राहिलं तर आतल्या आत गंज चढतो.

गोव्याहून एक वाचिका : मी डावखुरी आहे. भावाची सुरी वापरली तर चालेल ना?

नाही चालणार, ताई. उतार उजव्या बाजूला असल्यामुळे डाव्या हातात काप सुटून पडायच्या जागी पात्याखाली दबतो, आणि धार कुठे आहे हे तुम्हाला दिसतही नाही. डावखुऱ्यांसाठी उलटी घडवून देतात, बहुधा मागणी नोंदवावी लागते आणि किंमत बरीच जास्त पडते. भाऊ पुन्हा जपानला जाणार असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा. आणि हो, परतताना सुरी मोठ्या बॅगेत टाकायला सांगा. हातातल्या बॅगेत राहिली तर विमानतळावरच ठेवून यावं लागेल.