घरी केलेल्या इलेक्ट्रिक सायकलचं चाक नुसतं थरथरतं. कंट्रोलर गेला असेल का, आणि बदलायचा कसा?

तुम्ही लिहिलंय ते असं: साध्या सायकलला मागच्या चाकात ३६ व्होल्टची २५० वॅट हब मोटर बसवली, ती दोन दिवस पावसात उभी राहिली, आणि आता थ्रॉटल दिला की चाक जागच्या जागी थरथरतं. पायडल मारून थोडा वेग दिला तर मधूनच चालतं. दुकानदाराने न उघडताच कंट्रोलर, म्हणजे बॅटरीची वीज मोटरला सोडणारा डबा, गेल्याचं सांगितलं.

माझ्या मते तुमचा कंट्रोलर गेलेला नसावा. जळलेल्या कंट्रोलरने बिनगिअरच्या मोटरचं चाक जड होतं, पायडल मारून वेग देणंच कठीण जातं. ढकलल्यावर चालणारी मोटर बहुतेक वेळा हॉल सेन्सरची (मोटर कोणत्या स्थितीत आहे ते कंट्रोलरला कळवणारा भाग) किंवा एखाद्या फेजची (मोटरला वीज नेणाऱ्या तीन जाड वायरींपैकी एक) तक्रार सांगत असते. त्यात पाऊस झालेला, म्हणजे आधी कनेक्टर बघायचे. मी इंदूरला राहतो, लोकमान्य नगरात. इथे महाराणी रोडवर कोणालाही अशी सायकल दाखवा, "भिया, कंट्रोलर गया" हेच ऐकायला मिळेल. कारण विकायला त्यांच्याकडे तेच असतं. त्यांचं ऐकून मी एकापाठोपाठ दोन कंट्रोलर घालवले, त्याची गोष्ट पुढे येतेच.

आधी बिनपैशाची परीक्षा. बॅटरी पूर्ण काढा, चाक उचलून धरा आणि हाताने उलट दिशेने फिरवा. उलटंच, कारण गिअरवाली हब मोटर सुलट दिशेला नुसती मोकळी सुटते, काही कळत नाही. चाक ढेकळांतून चालल्यासारखं अडत अडत फिरलं, तर मोटरकडून येणाऱ्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा आणि पुन्हा फिरवा. आता मोकळं फिरलं तर कंट्रोलरमधला मॉस्फेट (फेजची वीज चालू-बंद करणारा भाग) शॉर्ट आहे. तरीही अडतंय, तर दोष मोटरमध्ये नाहीतर तिच्या वायरीत आहे, आणि नवा कंट्रोलर लावलात तर तोही जाईल.

माझं नेमकं हेच झालं. पहिला जळला, दुसरा आणून लावला, राजवाड्यापर्यंत मस्त गेलो. परत येऊन सायकल अंगणात टेकवतोय तोच आई गॅलरीतून म्हणाली, "काय रे करपलं?" दोन दिवसांत दोन कंट्रोलर! मग चिडून एक्सलचा नट उघडला. वायरी एक्सलच्या भोकातून बाहेर येतात तिथे त्या पिळून काढलेल्या कपड्यासारख्या झाल्या होत्या. पिवळ्या आणि हिरव्या वायरीचं प्लास्टिक कापलं जाऊन आतलं तांबं उघडं पडलेलं. खड्डा आला की दोन्ही एकमेकींना टेकायच्या. मूळ कारण म्हणजे नट सैल होता आणि मोटरच्या जोराने एक्सलच चिमट्याच्या खाचेत थोडा फिरला होता. तुम्ही टॉर्क आर्म (एक्सल फिरू न देणारी पट्टी) लावलाय का? नसेल तर ६ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीत एक्सलच्या चपट्या बाजूंना घट्ट बसेल अशी खाच कापून घ्या आणि पट्टीचं दुसरं टोक चिमट्याला क्लॅम्पने बांधा. कंट्रोलरच्या निम्म्या पैशांत होतं.

आता माझी खरी शंका, हॉल. मोटरकडून पाच बारीक वायरींचा एक कनेक्टर येतो: लाल, काळी आणि पिवळी-हिरवी-निळी. तो उघडून पिना बघा. त्यावर हिरवट कीट दिसला तर निम्मं काम तिथेच झालं. जुन्या टूथब्रशने आणि कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा, वाळू द्या. मग कनेक्टर जोडा, बॅटरी लावा आणि मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. काळी सळई हॉलच्या काळ्या वायरीवर, लाल सळई लाल वायरीवर, कनेक्टरच्या मागून खुपसून. सुमारे ५ व्होल्ट यायला हवेत. तेवढे आले की लाल सळई एकेका रंगीत वायरीवर नेऊन चाक अगदी हळू उलटं फिरवा. आकडा शून्याजवळ, मग ५ जवळ, पुन्हा शून्याजवळ असा उडत राहिला पाहिजे. तिन्हींवर. एखादी वायर एकाच आकड्यावर गप्प बसली तर तो सेन्सर गेला किंवा त्याची वायर तुटली.

इथे एक फसवणूक होते. थ्रॉटल आणि हॉल दोघांना ५ व्होल्ट कंट्रोलरच्या आतल्या एकाच ठिकाणाहून मिळतात. हॉलच्या बाजूला पाण्याने शॉर्ट झालं की ते ५ व्होल्ट कोसळतात, थ्रॉटलही मरतो, आणि आपल्याला वाटतं सगळंच गेलं. अशा वेळी हॉलचा कनेक्टर काढून थ्रॉटलच्या लाल वायरीवर पुन्हा मोजा. व्होल्ट परत आले तर कंट्रोलर जिवंत आहे. थ्रॉटलच्या सिग्नलवर न पिळता साधारण ०.८ आणि पूर्ण पिळल्यावर ३.५ च्या वर येतात. आणि हो, ब्रेक लिव्हरचा कनेक्टर काढूनही एकदा बघा. लिव्हरमधला स्विच अडकला की कंट्रोलर मोटर बंदच ठेवतो. मी त्यापायी एक अख्खा रविवार घालवलाय.

हे सगळं ठीक निघालं तरच कंट्रोलर तपासा. बॅटरी काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज उरते, म्हणून त्याच्या बॅटरीकडच्या दोन टोकांना जुना पिवळा बल्ब क्षणभर टेकवा. मीटर डायोडच्या खुणेवर. लाल सळई बॅटरीच्या ऋण वायरीवर, काळी एकेका फेजवर: तिन्हींवर ०.४ ते ०.६ च्या आसपास आणि जवळजवळ सारखा आकडा हवा. मग काळी सळई धन वायरीवर, लाल एकेका फेजवर: पुन्हा तसंच. कुठे शून्याजवळ येऊन मीटर वाजला, तर तो मॉस्फेट शॉर्ट. मॉस्फेट बदलता येतो, पण त्याच्याबरोबर बहुधा त्याला चालवणारं ड्रायव्हर सर्किटही गेलेलं असतं. मी त्या नादी लागत नाही.

नवा घेताना लेबलवरच्या वॅटपेक्षा तीन गोष्टी वाचा: व्होल्ट, करंट लिमिट आणि फेज अँगल (हॉल सेन्सरांमधलं अंशांतलं विद्युत अंतर). तुमची बॅटरी १० सेलच्या रांगेची असेल तर भरल्यावर ४२ व्होल्ट असते, म्हणून कंट्रोलर ३६ चाच हवा. ४८ चा लावलात तर त्याचं खालचं बंधन ४१-४२ व्होल्टचं असल्याने तो सुरूच होणार नाही किंवा लगेच बंद पडेल. करंट लिमिट बॅटरीच्या बीएमएसच्या (बॅटरीचं रक्षण करणारं सर्किट) मर्यादेपेक्षा कमी असू द्या. फेज अँगल बहुतेक मोटरींना १२० अंश लागतो. मोठा घेऊन सायकल पळवू, असा विचार असेल तर मोटरची सलग अर्धा तास टिकणारी ताकद ०.२५ किलोवॅटच्या आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असणं ही मोटार वाहनात न धरण्याची अट आहे, हे लक्षात ठेवा.

जोडताना रंगांवर विश्वास ठेवू नका, पिवळ्याला पिवळी लावली की झालं असं होत नाही. कंट्रोलरला बहुधा दोन पांढऱ्या 'लर्निंग' वायरी असतात. चाक उचलून त्या जोडा आणि चावी द्या, चाक आपोआप हळू फिरू लागतं. उलटं फिरलं तर वायरी सोडवून पुन्हा जोडा. सुलट आलं की सोडवा आणि टोकांवर टेप लावून कायमच्या बाजूला ठेवा. त्या वायरी नसतील तर हॉल आहेत तसे ठेवून तीन फेजचे सहा क्रम एकेक करून बघा, अगदी हलक्या थ्रॉटलने. सहातला एकच गुळगुळीत चालतो. तो उलटा निघाला तर हॉलच्या कोणत्याही दोन वायरी अदलाबदल करा आणि सहा क्रम पुन्हा. चुकीच्या क्रमातही मोटर कधीकधी फिरते, पण घुरघुरते आणि करंट खाते. रिकामं चाक साधारण १ अँपिअरच्या आसपास घेतं. ३-४ दिसले तर थांबा. आणि चावीची बारीक लाल वायर बॅटरीच्या धनाला गेली नाही तर नवा कंट्रोलरही मेल्यासारखा पडून राहतो.

डबा बसवताना वायरींची तोंडं खाली ठेवा, म्हणजे पाणी ओघळून पडतं. सिलिकॉनने सगळं बंद करणं मला पटत नाही. एकदा आत शिरलेलं पाणी मग बाहेर पडत नाही, आणि इथल्या मे महिन्यात बंद डबा तापतो तो वेगळा. फेजच्या बुलेट कनेक्टरला मात्र सैल राहू देऊ नका, तेच आधी वितळतात. सगळं झाल्यावर मी बिजासन टेकडीचा चढ चढवून बघतो आणि वर पोहोचून कंट्रोलरवर हात ठेवतो. पाच सेकंद ठेवता आला तर ठीक.

तुम्ही आधी हॉलचे तीन आकडे घ्या आणि इथे लिहा. एक वायर गप्प असेल तर मोटर उघडावी लागेल, ते कसं ते मग सांगतो. त्यासाठी संध्याकाळ एक वेगळी काढावी लागेल, आणि झाकणाचे स्क्रू घट्ट असतात, म्हणून चांगला पेचकस आधीच आणून ठेवा.