वाचकांचे प्रश्न : मुलांचा टीबी आणि सीबीनॅट

प्रश्न : मुलगी चार वर्षांची. तीन आठवडे खोकला आणि संध्याकाळचा ताप आहे. घरात आजोबांची टीबीची औषधं चालू आहेत. डॉक्टर म्हणतात दाखल करा, पहाटे नाकातून नळी घालून पोटातलं पाणी काढू आणि सीबीनॅटला, म्हणजे यंत्रावर टीबीच्या जंतूचा डीएनए शोधण्याच्या तपासणीला, पाठवू. दुखणं छातीत असताना पोटातलं पाणी कशाला?

उत्तर : या वयाची मुलं बेडका थुंकत नाहीत, गिळतात. रात्रभर गिळलेला बेडका पहाटे जठरात असतो. मूल उठून चाललं-फिरलं, घोटभर पाणी प्यायलं की तो आतड्यात सरकतो. दाखल करून घेतात ते याचसाठी. एसटीने दहा वाजता पोहोचलेल्या मुलाच्या पोटातल्या पाण्यात जंतू सापडण्याची आशा कमीच, आणि तो निगेटिव्ह रिपोर्ट पुढे सगळ्यांची दिशाभूल करतो.

रात्रीच्या जेवणानंतर निदान चार ते सहा तास पोटात काही जाऊ देऊ नका, पाणीसुद्धा नाही. नळी किती आत घालायची, हे नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत आणि तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत मोजून ठरवतात. पाच ते दहा मिली रस मिळाला की पुरे. कमी आला तर मुलाला डाव्या कुशीवर वळवून पुन्हा ओढतात. तरीही येत नसेल तर पाच-दहा मिली निर्जंतुक सलाइन आत सोडून परत खेचतात. कल्चरही (लॅबमध्ये जंतू वाढवून पाहणं) करायचं असेल आणि नमुना पोहोचायला चार तासांहून जास्त लागणार असतील, तर त्यात सोडियम बायकार्बोनेट घालायला हवं, कारण जठरातलं आम्ल जंतू मारतं आणि कल्चरला जिवंत जंतू लागतो. सीबीनॅट फक्त जंतूचा डीएनए शोधतं.

मुलगी रडेल, तिला उमासेही येतील. दुसऱ्या पहाटे पुन्हा बोलावलं तर टाळू नका. दोन नमुन्यांत जंतू सापडण्याची शक्यता वाढते.

प्रश्न : सहा वर्षांच्या मुलाचं सीबीनॅट निगेटिव्ह आलं, तरी डॉक्टरांनी टीबीची औषधं सुरू केली. मग तपासणीचा उपयोग काय?

उत्तर : मुलांच्या टीबीत जंतूच मुळात कमी असतात. सूक्ष्मदर्शकाला दिसायला एका मिलीत साधारण पाच ते दहा हजार जंतू लागतात. सीबीनॅटच्या यंत्रात नमुना ज्या डबीतून घालतात, त्या जुन्या एक्सपर्ट कार्ट्रिजला शंभर-सव्वाशे पुरतात आणि नव्या अल्ट्रा कार्ट्रिजला सोळाच्या आसपास. मुलाच्या नमुन्यात तेवढेही नसू शकतात. म्हणून पॉझिटिव्ह आलं तर भरवसा ठेवावा, निगेटिव्ह आलं म्हणून टीबी नाही असं धरू नये. मग एक्स-रेतल्या सुजलेल्या गाठी, तीन महिन्यांत न वाढलेलं वजन, घरातला रुग्ण आणि मांटू (हाताच्या कातडीत सुई देऊन करायची टीबीच्या संसर्गाची तपासणी) हे सगळं मिळून ठरवावं लागतं. मांटू दोन युनिटची असते, ४८ ते ७२ तासांनी मोजतात आणि फुगवटा १० मिमी किंवा जास्त असेल तर पॉझिटिव्ह धरतात. लालसरपणा मोजायचा नसतो. कुपोषित मुलात टीबी असूनही ती कोरी येऊ शकते.

निदान व्हायच्या आधी खोकल्यासाठी लेव्होफ्लॉक्सासिनसारखं औषध देणं आम्हाला अजिबात पटत नाही. त्याने टीबी काही दिवस दबतो, मूल बरं वाटतं आणि निदान लांबतं. साधं अमॉक्सिसिलिन चालतं.

प्रश्न : रिपोर्टवर ‘ट्रेस’ लिहून आलंय. पॉझिटिव्ह समजायचं का?

उत्तर : लहान मुलात हो. ट्रेस म्हणजे जंतूचा अगदी थोडा डीएनए सापडला. मात्र इतक्या कमी डीएनएवर जंतू रिफाम्पिसिनला, म्हणजे टीबीच्या एका मुख्य औषधाला, दाद देतील की नाही, हे यंत्राला सांगता येत नाही. त्यासाठी नवा नमुना द्या. मुलाने पूर्वी टीबीची औषधं घेतली असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण मेलेल्या जंतूंचाही ट्रेस येतो. गोव्यातल्या कंपनीच्या ट्रूनॅटवर, म्हणजे डीएनए शोधणाऱ्याच दुसऱ्या यंत्रावर, तपासणी झाली असेल, तर रिफाम्पिसिनची चिप वेगळी असते. पहिली पॉझिटिव्ह आल्यावरच ती लावतात, तेव्हा ती लावली का, हे विचारून घ्या.

प्रश्न : दीड वर्षाच्या बाळाला नळी घालायची भीती वाटते. शौचावर तपासणी होते का?

उत्तर : होते. गिळलेल्या बेडक्यातला डीएनए शौचातही उतरतो आणि जागतिक आरोग्य संघटनेने हा नमुना मान्य केला आहे. लागते ती जेमतेम ०.८ ग्रॅम. लॅबमध्ये ती रिएजंटच्या ८ मिलीच्या बाटलीत टाकून जोरात हलवतात, दहा मिनिटं ठेवतात, पुन्हा हलवून आणखी दहा मिनिटं निवळू देतात आणि वरचं दोन मिली कार्ट्रिजमध्ये घालतात. गाळ आत गेला की यंत्र ‘एरर’ दाखवतं. एरर म्हणजे निगेटिव्ह नव्हे, तपासणी परत करावी लागते. शौचात लघवी मिसळू देऊ नका.

प्रश्न : खासगी लॅब रक्तावरून टीबी सांगते. करू का?

उत्तर : अँटीबॉडीची तपासणी असेल तर नको. तिच्यावर भारतात २०१२पासून बंदी आहे. इग्रा ही रक्ताचीच तपासणी वेगळी, पण तीही फक्त संसर्ग झाला आहे का ते सांगते, आजार आहे का ते नाही.

प्रश्न : औषधं संपत आली. बरं झालं का हे पाहायला परत सीबीनॅट करू का?

उत्तर : नको. मेलेल्या जंतूंचा डीएनए बराच काळ राहतो आणि उगाच घाबरायला होतं. वजनाचा तक्ता ठेवा, डॉक्टर सांगतील तेव्हा एक्स-रे काढा. सरकारी केंद्रात तपासण्या आणि औषधं मोफत आहेत. निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी नोंदणीत नाव असेल तर पोषणासाठी दरमहा १,००० रुपयेही मिळतात. बँक खात्याचा तपशील तिथे भरला गेला आहे ना, ते पाहा.