वाचकांचे प्रश्न : उत्रेख्तच्या डोम चर्चमध्ये बघायचं काय?

प्रश्न : आमचा मुलगा नेदरलँड्समध्ये उत्रेख्तला नोकरीला आहे. जूनमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे चाललोय. तिथलं जुनं डोम चर्च बघायलाच हवं, असं तो म्हणतो. आमच्या घरात पंढरीची वारी आहे, चर्चच्या आत कधी गेलो नाही. तिथे वागायचं कसं? आणि आतलं काही कळणारच नसेल, तर बघायचं तरी काय? यांचे गुडघे दुखतात, मनोरा चढणं जमेल का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : ताई, निर्धास्त जा. चपला काढायच्या नाहीत, पुरुषांनी टोपी मात्र काढायची. रविवारी सकाळी उपासना असते, ती वेळ टाळा. आत जायला तिकीट नाही, पेटीत इच्छेप्रमाणे टाकायचं. जून असला तरी आत गारवा असतो, शाल जवळ ठेवा.

आता बघायचं काय. पुतणी तिकडे शिकायला होती तेव्हा मी ते चर्च निवांत बघितलंय, म्हणून आग्रहाने सांगतो : सुरुवात दारातून करू नका, बाहेरच्या चौकातून करा. एका बाजूला 112 मीटर उंच मनोरा, दुसऱ्या बाजूला चर्च आणि मध्ये मोकळी जागा, असं दिसेल. लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. पण ती मोकळी जागा म्हणजे चर्चचाच मधला भाग. 1 ऑगस्ट 1674 ला मोठं वादळ झालं आणि हा भाग कोसळला. त्याचा ढिगारा 1826 पर्यंत तिथेच पडून होता! आज चौकाच्या फरशीत वेगळ्या रंगाच्या दगडांनी जुन्या खांब-भिंतींच्या जागा दाखवल्या आहेत. त्या रेषांवरून मनोऱ्याकडून चर्चच्या दाराकडे चालत या. मूळची इमारत केवढी लांब होती, हे पायांनाच कळेल.

हाच भाग का पडला, हे समजलं की गॉथिक बांधकाम, म्हणजे युरोपातली त्या काळची टोकदार कमानींची रीत, निम्मं समजलं. आपल्या बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, ते जुनं जैन मंदिर, तुम्ही बघितली असेल. ती 1204 सालची, रट्ट राजांच्या काळातली. डोम चर्चचं काम 1254 मध्ये सुरू झालं, म्हणजे दोन्हींत पन्नास वर्षांचंच अंतर. पण रीत अगदी निराळी. बस्तीत छताचा भार खांबांवरून सरळ खाली जमिनीत जातो. गॉथिकमध्ये टोकदार कमानी दगडी छत उंच उचलतात आणि ते छत भिंतींना बाहेरच्या बाजूला रेटतं. म्हणून बाहेरून दगडी टेकू-कमानी द्याव्या लागतात. एकदा टेकू मिळाला की भिंतीवर भार कमी, मग त्या जागी उंचच उंच खिडक्या बसवता येतात. चर्चच्या मागच्या बाजूला फेरी मारा, त्या टेकू-कमानी दिसतील. मधल्या भागापर्यंत काम आलं तेव्हा पैसा आटला होता. तिथे ना दगडी छत झालं, ना टेकू-कमानी. वादळात नेमका तोच भाग गेला, पूर्ण बांधलेला भाग तगला.

आत गेल्यावर मूर्ती, दिवे, सजावट फारशी दिसणार नाही. हे चर्च 1580 पासून प्रोटेस्टंटांचं, म्हणजे ख्रिस्ती धर्मातल्या सुधारक पंथाचं आहे आणि त्यांच्या उपासनेत मूर्तीला जागा नाही. पायाखालच्या फरशीत थडग्यांच्या शिळा आहेत, लोक त्यांवरून चालतात, तुम्हीही चाललात तरी चालतं.

पण एका छोट्या चॅपलमध्ये, म्हणजे चर्चमधल्या बाजूच्या प्रार्थनेच्या दालनात, दगडात कोरलेला एक वेदीमागचा पट आहे, तो मुलाला शोधायला लावा आणि त्याच्यासमोर थांबा. कपड्यांच्या चुण्या नाजूक कोरलेल्या, कुठे कुठे जुना रंग अजून शिल्लक आहे. आणि चेहरे मात्र सगळे छाटलेले. सोळाव्या शतकातल्या धर्माच्या भांडणात तिथल्याच लोकांनी तिथल्याच मूर्तींवर घाव घातले. घावाच्या कडा आजही स्पष्ट दिसतात. पुन्हा चेहरे बसवून तो पट सजवलेला नाही, आहे तसा ठेवलाय. मला हे फार मोलाचं वाटतं. मी आयुष्यभर वर्गात इतिहास शिकवला, पण त्या पटासमोर माझ्या तोंडून शब्द फुटेना.

तिथून शेजारच्या चौकोनी बागेत या, तिला पांडहोफ म्हणतात. भोवतीच्या कमानींवर संत मार्टिनच्या आयुष्यातले प्रसंग कोरलेत. हे चर्च त्याच्याच नावाचं. रोमन सैन्यातला हा शिपाई. थंडीत कुडकुडणारा भिकारी दिसला, तेव्हा त्याने तलवारीने आपला झगा कापून अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे. वारकरी घरात ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

शक्यतो शनिवारी दुपारी जा. त्या वेळी बहुधा आत संगीत असतं, वेळ मुलाला आधी बघून ठेवायला सांगा. तिथला ऑर्गन, म्हणजे हवेवर वाजणारं नळ्यांचं मोठं वाद्य, 1831 सालचा आहे.

मनोऱ्याचं मात्र स्पष्ट सांगतो : यांना चढवू नका. 465 पायऱ्या आहेत, वर वर जिना अरुंद होत जातो, आणि गटाबरोबर चढावं लागतं, त्यामुळे मनासारखं थांबत थांबत जाता येत नाही. तुमचे पाय धड असतील तर तुम्ही मुलाबरोबर जरूर जा. वाटेत 1505 सालच्या प्रचंड घंटा जवळून बघायला मिळतात. सगळ्यांत मोठीचं वजन आठ हजार किलोंच्या वर आहे. मनोऱ्याभोवती दुरुस्तीची परांची बरीच वर्षं होती, ती 2024 मध्ये निघाली, त्यामुळे तुम्हाला तो पूर्ण दिसेल. वर वाटाड्याबरोबरच सोडतात आणि तिकीट ठरावीक वेळेचं असतं. ते मुलाला आधीच काढून ठेवायला सांगा. सुट्टीच्या दिवशी आयत्या वेळी मिळेलच, असं नाही.